एक भोक, दोन कार्डं

चेकरकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. दुकानदाराने पावती दिली की ते आधी तारीख बघत. घरी पत्र आलं की उघडायच्या आधी पाकिटावरचा शिक्का वाचत. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासली होती. अधल्यामधल्या थांब्यावर अचानक चढायचं, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एकेक तिकीट हातात घ्यायचं, आणि सगळी बस बघून झाली की कंडक्टरकडे मान न वळवता म्हणायचं, "जाऊ द्या." मग घंटी वाजायची आणि बस हलायची.

या कामाचं हत्यार म्हणजे एक लोखंडी चिमटा. दाबला की कागदात भोक पडायचं. प्रत्येक चेकरच्या भोकाचा आकार वेगळा, म्हणजे कोणी तपासलं ते कळावं. काकांचा अर्धचंद्र होता. नियम अगदी सरळ. एक भोक म्हणजे तपासलं, प्रवास चालू. दोन भोकं म्हणजे बाद, उतरा खाली. बस कंपनी बुडाली तेव्हा तो चिमटा कोणी परत मागितला नाही. काका स्वतःहून तीनदा परत करायला गेले आणि तिन्ही वेळा बंद फाटक बघून आले. शेवटी तो स्वयंपाकघरातल्या खणात, सुरी आणि बाटली उघडायच्या चावीशेजारी जाऊन पडला.

कंपनीबरोबर निवृत्तिवेतनही अर्धं बुडालं, तेव्हा नवरा-बायकोला सरकारचं हिरवं कार्ड मिळालं. कमी मिळकत असलेल्यांची आरोग्य योजना. औषधं, चष्मा, दात, दवाखान्यात न्यायला गाडी, असं बरंच काही त्यात बसायचं. काकांना ते घेताना जड गेलं होतं, पण काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यावर येऊ लागल्या आणि कार्ड अंगवळणी पडलं.

काकू त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. लग्न ठरलं तेव्हा यावरून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. काकूंनी मात्र त्याचा पुरेपूर फायदा घेतला. कुठलाही वाद रंगात आला की त्या म्हणत, "मी मोठी आहे," आणि विषय संपे. या मोठेपणामुळे पासष्टीही आधी त्यांनीच गाठली, आणि त्या महिन्यात टपालवाली तीन मजले चढून, धापा टाकत, सही घेऊन एक पाकीट देऊन गेली. आत निळं कार्ड होतं. ज्येष्ठांची आरोग्य योजना. पासष्ट पूर्ण झाली की ज्याला त्याला मिळते.

काकू या कार्डाची चातकासारखी वाट बघत होत्या. त्यांचा उजवा खुबा दोन वर्षांपासून झिजत चालला होता. जिना तर सुटलाच होता. गेल्या थंडीपासून त्यांना पलंगावर आडवं होणंही जमेना, म्हणून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत उशा लावून झोपत. सांधा बदलायला हवा, असं सर्जनने सांगितलं होतं. ज्या रुग्णालयात तो सर्जन होता तिथे ही शस्त्रक्रिया निळ्या कार्डावर होत होती, नुसत्या हिरव्यावर नाही. म्हणून सगळं पासष्टीवर येऊन थांबलं होतं.

काकांनी निळं कार्ड टेबलावर ठेवलं, शेजारी हिरवं ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

एका माणसाची दोन कार्डं. एकतीस वर्षांत त्यांना दोन पास बाळगणारी माणसं भरपूर भेटली होती, आणि त्यातला एकही सरळ नव्हता. एक पास स्वतःचा, दुसरा मावसभावाचा. एक कामगाराचा, दुसरा विद्यार्थ्याचा, आणि विद्यार्थ्याला टक्कल. अशांना काकांनी कधी दयामाया दाखवली नाही. आता तीच चीज त्यांच्या स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या बायकोच्या फोटोसकट पडली होती. नऊ दिवस ती तशीच पडून होती. त्या नऊ दिवसांत काकूंनी हिरव्या कार्डावर गोळ्याही आणवल्या. दहाव्या दिवशी काकांना राहवेना.

"अगं, एका माणसाला एकच," ते म्हणाले. "शस्त्रक्रियेसाठी निळं हवं ना? मग हिरवं गेलं."

काकू म्हणाल्या, आधी कोणाला तरी विचारा. काका म्हणाले, विचारायचं काय त्यात, उद्या कोणी आपल्याला विचारलं म्हणजे? मी मोठी आहे, हेही काकूंनी म्हणून पाहिलं. त्या दिवशी ते चाललं नाही. काकांनी खण उघडला, चिमटा काढला आणि हिरव्या कार्डाच्या कोपऱ्यात दाबला. प्लास्टिक कडक होतं, पण अर्धचंद्र स्वच्छ पडला. मग त्यांनी नियमाप्रमाणे चिमटा दुसऱ्या भोकासाठी सरकवला. दुसरं भोक नेहमी मधोमध असायचं, म्हणजे कोणाला लपवता येऊ नये. कार्डाच्या मधोमध काकूंचा फोटो होता. सहा वर्षांपूर्वीचा, केस नुकते विंचरलेले, ओठांवर हसू येऊ की नको असा. चिमट्याचा जबडा बरोबर त्यांच्या गालावर आला.

काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग "पुरे एवढं" असं काहीसं पुटपुटत त्यांनी चिमटा खणात टाकला, त्यावर कार्ड टाकलं आणि खण लावून घेतला. काकू खुर्चीतून बघत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि बायको गप्प बसली म्हणजे पटलं, असा जो गैरसमज नवऱ्यांचा असतो तो काकांचाही झाला.

पुढच्या आठवड्यात हिरव्या योजनेकडून एक छापील फॉर्म आला. आपलं वय पासष्ट झालं आहे, आपली परिस्थिती बदलली असल्यास कळवा, तीस दिवसांत उत्तर न आल्यास कार्ड आपोआप बंद होईल. काकांनी पहिली ओळ वाचली, कार्ड बाद केल्यावर आता याचं काय, असं म्हणून तो रद्दीत टाकला आणि रोजच्यासारखे पाव आणायला खाली गेले. निळ्या कार्डावर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. पुढच्या महिन्याअखेरची. सगळं कसं रुळावर आहे, असं त्यांना वाटत होतं.

तारखेला दहा दिवस उरले असताना रुग्णालयातून फोन आला. दाखल करून घेणाऱ्या टेबलावरची मुलगी बोलत होती. तिने गोड आवाजात दोन गोष्टी विचारल्या. रुग्णाचा स्वतःचा वाटा कोण भरणार? आणि घरी गेल्यावर सहा आठवडे रुग्णाकडे कोण बघणार, व्यायाम कोण करून घेणार? रुग्णाच्या कागदावर लिहिलं होतं: तिसरा मजला, लिफ्ट नाही, नवऱ्याच्या पाठीला दुखण्यामुळे पट्टा. ही सोय झाल्याचं कळल्याशिवाय डॉक्टर तारीख पक्की करणार नाहीत. निळी योजना हे देत नाही का, असं काकांनी विचारलं. नाही देत, ती म्हणाली, दुसरी एखादी योजना आहे का तुमची? काका ताठ उभे राहून म्हणाले, "नाही. एका माणसाला एकच."

फोन ठेवून त्यांनी दोन्ही प्रश्न काकूंना सांगितले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तिलाही कळलं. ती दुसऱ्या शहरात एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, आणि जागा अजून कायम झालेली नव्हती. ती म्हणाली, मी सहा आठवडे येते, नोकरीचं नंतर बघू. काकूंनी फोन हातात घेतला आणि तिला एका शब्दात गप्प केलं. मग काकांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "रद्द करा तारीख. खुर्चीत झोप लागते मला."

ती लागत नाही हे काकांना ठाऊक होतं. पहाटे पहाटे त्या खुर्चीचा करकर आवाज ते रोज पलंगावरून ऐकत होते. ज्या बाईने एकतीस वर्षं त्यांचा डबा भरला, ती आपल्यामुळे खुर्चीत बसून म्हातारी होणार, हा विचार काही त्यांच्या डोक्यातून जाईना. रुग्णालयाला त्यांनी फोन केला नाही. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, खणातून हिरवं कार्ड काढलं आणि योजनेच्या कार्यालयात निघाले. गुन्हा कबूल करायचा, माफी मागायची, आणि काही मार्ग निघतो का ते विचारायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि चार खिडक्या, त्यातल्या दोन बंद. काकांचा नंबर यायला दीड तास लागला. खिडकीमागे पन्नाशीच्या एक बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला. सकाळपासून तेच तेच सांगून त्यांचा आवाज बसला होता. काका काचेपाशी वाकले.

"मॅडम, माझ्या बायकोकडे नऊ दिवस दोन कार्डं होती."

"फक्त नऊ?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांच्याकडे बावीस वर्षं आहेत."

काकांना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. निळं कार्ड, हिरवं कार्ड, मध्यंतरी आणलेल्या गोळ्या. शेवटी भोक पाडलेलं कार्ड काचेखालून पुढे सरकवलं आणि मान खाली घालून उभे राहिले. बाईंनी कार्ड हातात घेतलं, भोकातून काकांकडे पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते काकांना दोनदा ऐकावं लागलं. वय पासष्ट झालं म्हणून निळी योजना. मिळकत कमी आहे म्हणून हिरवी. दोन्ही अटींत बसणारा माणूस दोन्ही योजनांत बसतो. यात चोरी नाही, लबाडी नाही, सवलतसुद्धा नाही. तो हक्कच आहे.

इथे कोणीही शहाणा माणूस आभार मानून घरी गेला असता. काका तपासनीस होते. ते म्हणाले, नियम दाखवा. मागे खोळंबलेल्या लोकांनी सुस्कारे सोडले. बाईंनी मात्र न चिडता ड्रॉवरमधून एक प्लास्टिक चढवलेला कागद काढून काचेला टेकवला. काकांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, तळातली बारीक अक्षरंही वाचली, मागची बाजू दाखवायला लावली. आधी निळं कार्ड खर्च उचलतं, असं त्यात लिहिलं होतं. त्याचं जिथे संपतं तिथून हिरवं सुरू होतं. रुग्णाचा वाटा, घरी मदतीला येणारी बाई, व्यायाम करून घेणारी, ने-आण करणारी गाडी, सगळं.

"म्हणजे जोडतिकीट," काका हळूच म्हणाले.

जोडतिकीट त्यांना कोणी शिकवायला नको होतं. एका बसने चौकापर्यंत जायचं, तिथून दुसऱ्या मार्गाची बस धरायची, दोन तिकिटं एकाच प्रवासाची. चौकात उतरताना म्हातारीकोतारी माणसं घाबरून एक तिकीट फेकून द्यायची, आणि काका त्यांना दरडावायचे, अहो, दोन्ही जपून ठेवा, दोन्ही लागतात. आयुष्यभर लोकांना जे ओरडून सांगितलं तेच स्वतःच्या बायकोच्या वेळी आपल्याला सुचू नये, याची त्यांना अशी लाज वाटली की कान गरम झाले.

"पण एक आहे," बाई संगणकाकडे बघत म्हणाल्या. पासष्टी झाल्यावर आम्ही एक फॉर्म पाठवतो. तीस दिवसांत आला नाही तर हिरवं बंद होतं. मग नव्याने अर्ज, नव्याने चौकशी, तीन महिने कुठे गेले नाहीत.

काकांच्या डोळ्यांपुढे रद्दीचा गठ्ठा आला. तो गठ्ठा मागच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः खाली नेऊन दिला होता. तीस दिवस कधी संपले हे त्यांनी बोटांवर मोजलं. परवा. त्यांनी काचेचा काठ घट्ट धरला. तो मी टाकून दिला, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"आलाय तुमचा," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यातच पोचलाय. मंजूर पण झालाय, कालच. पत्र निघेल आज-उद्या."

"कोणी पाठवला?"

"त्यांनीच. सही आहे ना." मग बाई एकदम हसू लागल्या. "अच्छा, ते तुम्ही का? अहो, या फॉर्मवरून आमच्या ऑफिसात दोन दिवस चर्चा चालली होती. कोणाला काही कळेना. हे बघा बरं, तुम्हाला तरी कळतं का."

त्यांनी संगणकाचा पडदा काकांकडे वळवला. खाली काकूंची सही होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी असलेली, लेकीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर काकांनी वर्षानुवर्षं पाहिलेली. आणि तिच्या वरच्या शेऱ्याच्या चौकटीत काकूंनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं: कार्डाला एकच भोक आहे, दोन नाहीत. तरी कार्ड चालू समजावे.

काकांनी ते वाचलं. परत वाचलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसतोय असं दाखवलं. चष्मा ते वापरतच नव्हते, त्यामुळे कोणी फसलं नाही. नवीन कार्ड पाठवू का, असं बाईंनी विचारलं. नंबर वाचता येतो का, काकांनी विचारलं. येतो की, भोक तर कोपऱ्यात आहे. मग राहू द्या, काका म्हणाले, हेच बरं आहे.

रस्त्यावर आल्यावर त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की चालावं की बसावं ते कळेना. छातीवर कालपासून बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. त्यांनी रुग्णालयाला तिथूनच फोन लावला. टेबलावरच्या मुलीला हिरव्या कार्डाचा नंबर दोनदा वाचून दाखवला आणि तिच्याकडून तो परत वाचून घेतला. ती म्हणाली, मग काही प्रश्नच नाही, तारीख पक्की. काका म्हणाले, परत सांगा. तिने परत सांगितलं. मग लेकीला फोन करून त्यांनी सांगितलं, तू कामावर जा, नंतर चार दिवस ये, आईला बघायला म्हणून ये. लेक फोनवर रडू लागली आणि रडता रडता त्यांच्यावर चिडली, "बाबा, तुम्ही आधी का नाही विचारलं कोणाला?" घरी जाताना बस समोर उभी असून ते चालत गेले.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत शेंगा सोलत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

"रद्दीतून कधी काढलास?" काकांनी विचारलं.

तुम्ही पाव आणायला गेलात त्याच दिवशी, काकू म्हणाल्या. काठीने ओढून घेतला. भरला, आणि दुसऱ्या दिवशी टपालवाली आली तिच्या हाती दिला. तीन मजले उगाच चढवत नाही मी तिला, पाणी देते, खुर्ची देते.

काका समोरच्या स्टुलावर बसले. एवढं सगळं केलंस तर मला सांगितलं का नाहीस, आणि वर तारीख रद्द करा म्हणालीस, हे त्यांना विचारायचं होतं. पण तो अधिकार आपल्याला आहे का, याची त्यांना शंका होती. काकूंनी ते न विचारताच ओळखलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं भोक पाडलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि उत्तर कुठे आलं होतं मला? त्यांनी नाही म्हटलं असतं तर? रद्द करा म्हटलं, कारण त्याशिवाय तुम्ही त्या खिडकीपर्यंत गेला नसता. मला जिना उतरता आला असता तर मीच गेले असते."

"आणि ते भोकाचं?"

"एकतीस वर्षं ऐकतेय मी. एक म्हणजे चालू, दोन म्हणजे बाद." काकूंनी सोललेले दाणे वाटीत टाकले. "तुमचा हात थांबला ना त्या दिवशी. मी बघत होते. तेव्हाच म्हटलं, हे कार्ड काही बाद झालेलं नाही."

काकांना पुष्कळ बोलायचं होतं. चुकलो, हा शब्द त्यांनी एकतीस वर्षांत अनेक प्रवाशांच्या तोंडून ऐकला होता, स्वतः फारसा वापरला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी वापरला, आणि मग कोपऱ्यातली टोपली ओढून घेऊन शेंगा सोलायला बसले. काकू म्हणाल्या, नीट सोला, दाणे फुटतात. काकांनी नीट सोलले.

महिन्याअखेरीला सकाळी सातला हिरव्या योजनेची गाडी दारात आली. दोघा माणसांनी काकूंना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. घरची खिडकी मागच्या बाजूची, त्यामुळे सहा महिन्यांनी रस्ता दिसला म्हणून त्या सगळीकडे टकामका बघत होत्या. समोरच्या दुकानाचा रंग बदलला होता, ते काकांनी त्यांना सांगितलंच नव्हतं, यावरून थोडी बोलणीही खाल्ली. घरी बाई सोमवारपासून यायची ठरली होती, व्यायामवाली बुधवारपासून. पलंगाची उंची काकांनी खाली विटा लावून वाढवून ठेवली होती.

रुग्णालयाच्या टेबलावर तीच गोड आवाजाची मुलगी होती. तिने निळं कार्ड यंत्राखाली धरलं, टुक असा आवाज आला. मग हिरवं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि कोपऱ्यातल्या अर्धचंद्रावर बोट ठेवलं.

"याला भोक कसलं पडलंय?"

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या काकूंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी सदऱ्याची घडी सारखी केली.

"ते मी तपासलंय," ते म्हणाले. "जाऊ द्या."